बॅटरी ठीक, करंट ठीक, पेट्रोलही येतंय. मग गाडी सुरू का होत नाही?

मोटारसायकल खोलली, साफ केली, सगळं होतं तसं जोडलं, आणि आता ती सुरूच होत नाही. अशा वेळी तपासणी बहुधा तीन वाक्यांत आटोपते. हेडलाइट लागतोय, म्हणजे बॅटरी चांगली आहे. प्लग काढून बाहेर धरला तर ठिणगी पडते, म्हणजे करंट आहे. कार्ब्युरेटरखालचा स्क्रू सैल केला की पेट्रोल गळतं, म्हणजे तेही पोचतंय. एवढं सगळं ठीक असूनही गाडी सुरू होत नाही म्हटल्यावर संशय थेट महागड्या वस्तूंवर जातो. सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) गेला असेल, नाहीतर ईसीयू (इंजिन चालवणारा छोटा संगणक).

खरं तर दुरुस्तीच्या आधी धडधाकट असलेला सुटा भाग नेमका त्याच दिवशी आपोआप निकामी होणं हा दुर्मीळ योगायोग. हात लागला तिथेच आधी शोधावं. आणि वरच्या तीन चाचण्या खोट्या नसल्या तरी फार सोप्या आहेत. प्रत्यक्ष कामात त्या भागावर जो ताण येतो, तेवढा या चाचण्यांमध्ये येतच नाही.

बॅटरीचंच पाहा. ३५ वॅटचा हेडलाइट १२ व्होल्टवर जेमतेम ३ अँपिअर घेतो. सेल्फची मोटर इंजिन फिरवताना कित्येक दहा अँपिअर ओढते, मोठ्या गाड्यांत शंभराच्याही पुढे. दुरुस्तीच्या वेळी बॅटरीची टर्मिनल्स हमखास सोडवलेली असतात. परत लावताना बोल्ट नीट आवळला गेला नाही, किंवा अर्थिंगच्या वायरीखाली (बॅटरीचं निगेटिव्ह टोक इंजिनच्या धातूला जोडणारी वायर) रंगाचा पातळ थर राहिला, की त्या सांध्यात थोडासा विद्युतरोध तयार होतो. समजा तो फक्त ०.१ ओहम आहे. ओहमच्या नियमानुसार ३ अँपिअरला तिथे ०.३ व्होल्ट खर्ची पडतात. दिव्याचा उजेड कमी झालेला डोळ्यांना कळणारही नाही. पण मोटरने ६० अँपिअर मागितले, तर त्या एका सांध्यावरच ६ व्होल्ट जायला हवेत! मोटरला पुरेसा प्रवाह मिळतच नाही. रिले (मोटरला करंट जोडणारा स्विच) टकटक वाजतो, इंजिन हलत नाही, आणि आपण म्हणतो, ‘लाइट तर लागतोय की.’

म्हणून मीटर लावायचा तो सेल्फ दाबलेला असताना. चार्ज असलेली १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी स्वस्थ पडून असते तेव्हा साधारण १२.६ व्होल्ट किंवा थोडं जास्त दाखवते. सेल्फ दाबल्यावर ती साडेनऊच्याही खाली कोसळली, तर बॅटरीतच दम नाही. ती बाराच्या आसपास टिकून राहिली आणि मोटर तरीही अडखळत असेल, तर खोट वायरिंगमध्ये किंवा सांध्यात. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवा आणि पुन्हा सेल्फ दाबा. तिथे व्होल्टचा अगदी छोटा अंश दिसायला हवा. एक-दोन व्होल्ट दिसले की गुन्हेगार अर्थिंग. बॅटरी बदलून हा दोष जात नाही, आणि बदलली मात्र बॅटरीच जाते.

सेल्फ मेल्यासारखा गप्प असेल, तर किल स्विच, साइड स्टँडचा स्विच, क्लचचा स्विच आणि मेन फ्यूज. यातलं काही ना काही दुरुस्तीत हलवलेलं असतंच; दोन मिनिटांचं काम आहे, आधी उरकून घ्या.

ठिणगीची गोष्ट जास्त रंजक आहे. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रिडरिश पाशेन यांनी १८८९ मध्ये दाखवून दिलं, की वायूतून ठिणगी उडायला किती व्होल्टेज लागेल हे वायूचा दाब आणि दोन टोकांमधलं अंतर यांच्या गुणाकारावर ठरतं. प्लगची फट ०.७ मिलिमीटर धरली, तर मोकळ्या हवेत ती ओलांडायला तीनेक हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये मात्र पिस्टनने हवा-पेट्रोलचं मिश्रण कोंबून कितीतरी पट घट्ट केलेलं असतं. तिथे दहा हजारांहून जास्त लागू शकतात. ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी कॉइल थकलेली असेल, प्लगची कॅप वायरीवर नीट पिळलेली नसेल किंवा तिला बारीक तडा असेल, तर बाहेर झकास दिसणारी ठिणगी आत उडतच नाही. विजेला इंजिनच्या बॉडीकडे जाणारी सोपी वाट सापडते आणि प्लगची फट तशीच राहते. अंधारात सेल्फ मारून पाहिलं तर अशी पळवाट कधीकधी निळसर चमकताना दिसते.

खरी परीक्षा घ्यायची तर फटच मोठी करावी. काही कंपन्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये ठिणगीने किमान ६ मिलिमीटरची फट ओलांडली पाहिजे असं दिलेलं असतं. त्यासाठी स्पार्क टेस्टर मिळतो. टेस्टर असो वा प्लग, त्याची बॉडी इंजिनला पक्की टेकलेली हवी, नाहीतर ठीक असलेला सीडीआयही जळू शकतो. आणि हे सगळं प्लगच्या उघड्या भोकापासून लांब. तिथून पेट्रोलची वाफ बाहेर येत असते.

वाफेवरून पेट्रोलकडे. द्रव पेट्रोल जळत नाही, त्याची वाफ जळते, आणि तीही हवेतलं तिचं प्रमाण आकारमानाने साधारण १.४ ते ७.६ टक्क्यांच्या मध्ये असेल तरच. कार्ब्युरेटरच्या बाउलमध्ये, म्हणजे खालच्या वाटीत, पेट्रोल आहे एवढ्यावरून आत काय चाललंय ते कळत नाही. बाउलपासून पुढे गाडी सुरू होताना ते पायलट जेटच्या भोकातून जातं, आणि ते भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं. साफ करताना उडवलेला कचऱ्याचा एक कण पुरे. इंजिनच्या ओढीने उघडणारा पेट्रोलचा कॉक असेल, तर त्याची पातळ नळी लावायची राहिली की पेट्रोल येणंच बंद. कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबरी सांधा नीट बसला नसेल, तर तिथून फुकटची हवा शिरून मिश्रण पातळ होतं. याच्या उलट, धूळ जाऊ नये म्हणून मॅनिफोल्डमध्ये (इंजिनकडे मिश्रण नेणाऱ्या नळीत) कोंबलेला चिंधीचा बोळा तसाच राहतो आणि हवाच अडते. हसू नका, हे होतं. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत चावी फिरवल्यावर पंपाचा दोन-तीन सेकंद घरघर आवाज येतो. तो आला नाही, तर टाकीखालचा कनेक्टर आणि फ्यूज पाहा.

यातला निवाडा प्लगच देतो. पाच-सहा किका मारून तो काढा. कोरडा निघाला तर पेट्रोल पोचत नाही. ओला निघाला तर पोचतंय पण पेटत नाही, किंवा गाडी ओव्हर झाली आहे, म्हणजे आत गरजेपेक्षा जास्त पेट्रोल गेलं आहे. मग प्लग पुसून लावा, चोक बंद करा आणि थ्रॉटल पूर्ण उघडून सेल्फ मारा. इंजेक्शनच्या पुष्कळ गाड्यांत असं केल्यावर ईसीयू स्वतःच पेट्रोल तोडतो.

हेड, म्हणजे सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह असलेला भाग, उघडलंच नसेल तर पुढचं वाचायची गरज नाही. उघडलं असेल, तर किक पायाला हलकी लागते का ते बघा. टॅपेटची मोकळीक (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट) मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास असते. ती शून्य झाली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. टायमिंग चेनचा एक दात चुकला तर? कॅमच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) स्प्रॉकेटला, म्हणजे दातेरी चाकाला, ३४ दात असतील, तर एक दात म्हणजे कॅमचे साडेदहा अंश. क्रँक, म्हणजे पिस्टनला जोडलेला दांडा, कॅमच्या दुप्पट फिरतो, म्हणून तिकडे फरक २१ अंशांचा पडतो. एवढ्याने व्हॉल्व्ह चुकीच्या वेळी उघडझाप करतात. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकावर धरून प्लगच्या भोकातून हवा भरली आणि कान दिला, की गळतीची जागा कळते. कार्ब्युरेटरमधून फुसफुस आली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर पिस्टनच्या रिंगा.

आणि इंजिन फिरता फिरता खट्कन अडलं, तर पाय आवरा. सिलिंडरमध्ये पेट्रोल साठलं असेल किंवा व्हॉल्व्ह पिस्टनला टेकत असेल. द्रव दाबला जात नाही, तेव्हा जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. प्लग काढा, चावी बंद ठेवा आणि क्रँक हाताने हळू फिरवा. भोकातून पेट्रोल बाहेर आलं तर कार्ब्युरेटरचा फ्लोट (बाउलमधल्या पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता भाग) पाहायचा. काहीच न येता त्याच जागी पुन्हा अडलं, तर हेडचं झाकण काढून टायमिंगच्या खुणा पहिल्यापासून जुळवायच्या.