मँडरिनचे चार, कँटनीजचे सहा: फरक नुसत्या आकड्याचा नाही

‘मँडरिनला चार टोन, कँटनीजला सहा, दोन जास्तीचे पाठ केले की झालं.’ मँडरिन (चीनची प्रमाण भाषा) येणाऱ्यांनी कँटनीज (हाँगकाँगची चिनी भाषा) शिकायला घेतली की मिळणारा हा सल्ला इतक्यांदा वाचलाय की आता चीड येते. टोन म्हणजे शब्दाचा अर्थ बदलणारी आवाजाची उंची किंवा वळण.

मँडरिनचे चार तुम्हाला येतातच: सपाट, चढता, खाली जाऊन वर येणारा, उतरता. सपाट एकच. आवाज कुठून कुठे वळला एवढं कळलं की बहुतेक काम भागतं.

कँटनीजमध्ये सपाट टोनच तीन आहेत. ‘सी’ उंच म्हटलं तर कविता, मधल्या उंचीवर परीक्षा, खाली म्हटलं तर बाब. वळण शून्य, फरक फक्त उंचीचा. पण उंच म्हणजे कशापेक्षा उंच? गाडी अडते ती इथेच. तक्त्यात 55, 33, 22 असे आकडे दिसले (1 सर्वांत खाली, 5 सर्वांत वर; पहिला आकडा सुरुवातीचा, दुसरा शेवटचा) की लोकांना ती ठरलेली कंपनसंख्या वाटते. तसं मुळीच नाही. ते बोलणाऱ्याच्या स्वतःच्या पल्ल्यातलं स्थान आहे. पुरुषाचा उंच टोन बाईच्या खालच्या टोनपेक्षाही खाली असू शकतो. गवयागणिक षड्ज बदलतो, तसंच हे. फक्त इथे तानपुरा नसतो. ऐकणारा आजूबाजूच्या शब्दांवरून पट्टी ताडतो. प्रयोगांत हे दिसलंय: शेवटचा शब्द जसाच्या तसा ठेवून आधीच्या वाक्याची पट्टी चढवली, तर मधला टोन खालचा ऐकू येतो, उतरवली तर तोच उंच वाटतो.

म्हणून दर वेळी नव्या आवाजात सुटा शब्द ऐकवून ‘टोन ओळखा’ म्हणणारी ॲप्स मला साफ नापसंत आहेत. तिथे मधला आणि खालचा यांत हाँगकाँगचा माणूसही गडबडतो. एकाच माणसाची पूर्ण वाक्यं ऐका.

चढते टोन दोन, 25 आणि 23. सुरुवात सारखीच, चढ कमीजास्त. म्हणजे पुन्हा उंचीच. हाँगकाँगच्या काही तरुणांच्या बोलण्यात ते एकमेकांत मिसळतही चाललेत. उतरता राहिला, तो फारसा छळत नाही. कँटनीजला सहा नव्हे, ‘नऊ टोन’ म्हणणाऱ्यांनी प, त, क वर तुटणारे शब्द वेगळे मोजलेत, उंची त्याच तीन, वाद सोडा.

आणि प्रश्न विचारताना मराठी सवयीने शेवट वर उचलू नका. त्या चढाने खालचे टोन 25 सारखे ऐकू येतात, आणि ही फसगत जन्मापासून कँटनीज बोलणाऱ्यांचीही होते. वाक्याच्या शेवटी लावायची प्रश्नाची अव्ययं भाषेत भरपूर आहेत. ती आधी शिका.