समुद्रात दिसलं म्हणून ते समुद्री पाणमांजर होत नाही

अलास्काची क्रूझ करून आलेल्या नातेवाइकांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर यायला लागले की मी धसका घेतो. जेट्टीच्या फळ्यांवर बसून मासा कुरतडणारं, ओलंगच्च, लांब शेपटीचं पाणमांजर आणि खाली ओळ: 'सी ऑटर!!' नाही हो, तो रिव्हर ऑटर. त्यावरचं उत्तरही ठरलेलं: 'अरे, पण तिथं नदीच नव्हती!'

रिव्हर ऑटर कसा असतो हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. आपलं पाणमांजर डोळ्यांसमोर आणा. जात वेगळी, पण ठेवण तीच. शिवाय आपलं पाणमांजर तरी कुठे गोड्या पाण्याचं सोवळं पाळतं? सिंधुदुर्गातल्या आणि गोव्यातल्या खाड्यांत, कांदळवनांत ते मजेत मासे मारतं. म्हणून त्याला कुणी समुद्री म्हणत नाही. अलास्कातल्या प्रिन्स विल्यम साउंड या आखातातला रिव्हर ऑटरही असाच खाऱ्या पाण्यात मासे, खेकडे धरतो. पण बीळ किनाऱ्यावर, पिल्लं बिळात आणि शी करायच्या ठरलेल्या जागाही किनाऱ्यावरच.

सी ऑटरचं जमिनीशी असलेलं नातं मात्र जवळजवळ तुटलंय. खाणं, झोपणं, बाळंतपण, सगळं पाण्यावर. सील-व्हेलसारखा चरबीचा जाड थर त्याच्याकडे नाही. थंडी अडवते ती फर: दाट जागी चौरस सेंटिमीटरला १ लाखाहून जास्त केस आणि त्यांत अडकलेली हवा. म्हणून तो दिवसभर अंग घासत, चाटत, फुंकत असतो. पर्यटकांना तो लाडात आलाय असं वाटतं. प्रत्यक्षात तो आपली गोधडी कोरडी ठेवत असतो.

आता खरी खूण. रिव्हर ऑटर पालथा पोहतो. डोकं आणि पाठीची रेघ तेवढी दिसते. सी ऑटर उताणा तरंगतो, पोट आभाळाकडे आणि पाय पाण्याबाहेर. पायांवर केस विरळ असल्यामुळे ते बाहेर ठेवले की ऊब वाचते. घाईत तोही पालथा होतो, हे मान्य. पण विसावलेला, खाणारा, पिल्लू पोटावर घेतलेला ऑटर उताणा असेल तर वाद मिटला.

खडकावर बसलेला असेल तर? अलास्कात सी ऑटर कधीकधी खडकावर चढतात. तेव्हा चेहरा बघत बसू नका, मागची बाजू बघा. मागचे पाय वल्ह्यासारखे पसरट आणि शेपूट आखूड, चपटी असेल तर सी ऑटर. शेपूट लांब, टोकाकडे निमुळती असेल आणि गडी तुरुतुरु पळत असेल तर रिव्हर ऑटर.

वजनाचा फरक मोठा आहे (रिव्हर ऑटर साधारण १४ किलोपर्यंत, सी ऑटरचा नर ४५ पर्यंत), पण फोटोत त्याचा काडीचा उपयोग नाही. रंगावर तर जाऊच नका. आणि पोटावर दगड ठेवून शिंपले फोडताना दिसला तरच सी ऑटर, हा हट्टही सोडा. अलास्कात ते दृश्य दिसेलच असं नाही.

या फरनेच त्यांचा घात केला. १७४१ मध्ये अलास्काला गेलेल्या दर्यावर्दी बेरिंगच्या रशियन मोहिमेतले खलाशी १७४२ मध्ये कातडी घेऊन परतले आणि शिकार सुरू झाली. १९११ च्या आंतरराष्ट्रीय करारानं ती थांबली, तेव्हा जगभरात जेमतेम दोनेक हजार उरले होते. अलास्काच्या आग्नेय किनाऱ्यावरून तर ते नाहीसेच झाले. तिथं १९६५ ते १९६९ दरम्यान सुमारे ४०० आणून सोडले. सिटका किंवा ग्लेशियर बेमध्ये क्रूझवाल्यांना दिसतात ते त्यांचे वंशज.

परवाच्या अल्बममध्येही जेट्टीवरचा 'सी ऑटर' होताच. त्याच्या पुढच्या फोटोखाली 'तरंगणारं लाकूड' असं लिहिलं होतं. मोठा करून पाहिला, तर लाकडाच्या एका टोकाला दोन पाय वर आलेले.