पेंगुळलेल्या अवस्थेतील वाहनचालन

अपुरी झोप, लांबलेले जागरण किंवा थकवा यांमुळे सावधपणा घटलेला असताना गाडी चालवणे. डोळा लागला तरच अपघात होतो, असा समज आहे. प्रत्यक्षात डोळे मिटण्याच्या बरेच आधी नजर एका जागी खिळते, ब्रेकवर पाय उशिरा जातो आणि पुढच्या गाडीच्या वेगाचा अंदाज चुकू लागतो.

थकवा आणि झोप यांत फरक आहे. सरळसोट, एकसुरी रस्त्यावर तासन्‌तास गाडी हाकून आलेला शीण थांबून पाय मोकळे केले की काहीसा उतरतो. साठलेली झोप मात्र झोपल्याशिवाय फिटत नाही. जागेपणी मेंदूत अॅडेनोसिन हे द्रव्य साचत जाते आणि त्याबरोबर झोपेचा दाब वाढतो. त्यात शरीराच्या घड्याळाची भर पडते. रात्री दोन ते पहाटे सहा हा सर्वांत वाईट काळ, आणि दुपारी दोन ते चारच्या सुमारास सावधपणाला लहानशी ओहोटी. ही दुपारची सुस्ती केवळ जेवणामुळे येत नाही. पोट रिकामे असले तरी ती येते.

सर्वांत घातक म्हणजे क्षणिक डुलकी, मायक्रोस्लीप. ती काही सेकंदांचीच असते, कधीकधी डोळे उघडे असतानाही लागते, आणि लागून गेली हे पुष्कळदा चालकाला कळतही नाही. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर जाते. म्हणजे चार सेकंदांत ११० मीटर अंतर चालकाविना पार होते. त्याआधीच्या खुणा ठरलेल्या असतात: लागोपाठ जांभया, चुरचुरणारे डोळे, मागचे दोन-तीन किलोमीटर कसे गेले ते न आठवणे, लेनच्या रेषेकडे हळूहळू सरकणारी गाडी आणि मग स्टिअरिंगला दिलेला हिसका.

१९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सतरा तास जागे असलेल्यांची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्यार्क असल्यासारखी घसरलेली आढळली. चोवीस तासांच्या जागरणानंतर ती ०.१० टक्क्यांच्या पातळीला गेली. मद्य निदान श्वासातून पकडता येते. झोपेचे तसे नाही, आणि धडकेच्या हादऱ्याने चालक खडबडून जागा होतो, त्यामुळे पुरावाही उरत नाही. तपासणाऱ्यांना माग काढावा लागतो तो भोवतालच्या गोष्टींवरून: एकटा चालक, पहाटेची वेळ, रस्ता सोडून गेलेली गाडी, आणि ब्रेक दाबल्याची एकही खूण नाही.

२८ फेब्रुवारी २००१ रोजी इंग्लंडमधील सेल्बीजवळ महामार्गावरून घसरलेली एक लँडरोव्हर बांधावरून खाली रेल्वेरुळांवर गेली. चालक बाहेर पडून मदतीसाठी फोनवर बोलत असतानाच प्रवासी गाडी तिच्यावर आदळली, रुळांवरून घसरली आणि समोरून येणाऱ्या कोळशाच्या मालगाडीच्या वाटेत आली. दहा जण ठार झाले. आपल्याला झोप लागली नव्हती, असे चालकाने खटल्यात सांगितले. न्यायालयाने त्याला पाच वर्षे तुरुंगवास दिला.

रात्रपाळीचे कामगार, लांब पल्ल्याचे ट्रकचालक आणि झोपेत श्वास अडखळण्याचा विकार असलेले लोक यांना धोका अधिक. सर्दीच्या काही जुन्या पिढीच्या औषधांनीही गुंगी येते.

काच खाली करणे, गाणी मोठ्याने लावणे, तोंडावर पाणी मारणे या उपायांचा परिणाम फार थोडा वेळ टिकतो. त्यापेक्षा गाडी सुरक्षित जागी उभी करून कॉफी घ्यावी आणि लगेच पंधरा-वीस मिनिटे झोपावे. कॅफिनचा अंमल चढायला साधारण अर्धा तास लागतो, तोवर डुलकीही होऊन जाते. उठल्यावर मात्र काही मिनिटे डोके जड असते, तेवढे थांबूनच निघावे.

युरोपीय संघात व्यावसायिक ट्रक आणि बस चालकांना साडेचार तासांच्या चालनानंतर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. यात चाकामागचे तास आणि विश्रांतीचा अवधी मोजला जातो; त्या विश्रांतीत चालक खरोखर झोपला का, हे कोणतीही नोंद सांगत नाही. जुलै २०२४ पासून तेथील नव्या मोटारींत पेंग ओळखून इशारा देणारी यंत्रणाही बंधनकारक झाली. स्टिअरिंगच्या हालचाली किंवा चालकाचे डोळे यांवरून ती अंदाज बांधते आणि चालकाला सूचना देते. गाडी थांबवायची की नाही, हे ठरवणे पुन्हा त्याच पेंगुळलेल्या डोक्याकडे राहते.