अबेरग्विनग्रेगिन

अबेरग्विनग्रेगिन : वायव्य वेल्सच्या ग्विनेद परगण्यातील एक लहान किनारी गाव. बँगर शहराच्या पूर्वेस सु. ८ किमी. अंतरावर, कार्नेदाइ डोंगररांग समुद्राकडे उतरते तेथील अरुंद पट्टीत ते वसले आहे. जुना जिल्हा कार्नारव्हनशर. जुन्या लेखांत आणि स्थानिक बोलण्यात गावाचा उल्लेख बहुधा नुसता ‘अबेर’ असा येतो. तेराव्या शतकात ग्विनेदच्या वेल्श राजघराण्याचे हे आवडते निवासस्थान होते. दोन राण्या आणि एक राजपुत्र येथेच वारल्याचे इतिवृत्ते वा परंपरा सांगतात. त्या राजनिवासाची नेमकी जागा मात्र आजही वादात आहे.

‘अबेर’ म्हणजे नदीमुख किंवा संगम. ‘ग्विन’ म्हणजे पांढरा आणि ‘क्रेगिन’ म्हणजे शिंपले. समासात ‘क’ चा ‘ग’ होतो. शब्दाचे पहिले व्यंजन असे मऊ पडणे हा वेल्श व्याकरणाचा नित्याचा नियम आहे. पांढऱ्या शिंपल्यांच्या ओढ्याचे मुख, असा नावाचा सरळ अर्थ निघतो. (वेल्श भाषेतील जोड-एल हा जीभ टाळ्याला टेकवून बाजूने हवा फुंकत काढलेला ध्वनी देवनागरीत नाही, या नोंदीत त्यासाठी ‘ल्ह’ वापरला आहे.)

गावामागच्या दरीत सु. ३७ मी. उंचीचा, ‘मोठा धबधबा’ एवढ्याच अर्थाच्या वेल्श नावाने ओळखला जाणारा धबधबा आहे. त्याच्या वाटेवरचे रान राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे. समोर मेनाई सामुद्रधुनीच्या तोंडाशी त्राइथ लावान हा विस्तीर्ण वाळूपट्टा आहे. भरतीला तो पाण्याखाली जातो आणि ओहोटीला उघडा पडतो. गावाचे सारे ऐतिहासिक महत्त्व या वाळूतून आले. अँगलसी बेटावर (वेल्श मोन) जाणारा प्रवासी ओहोटी गाठून अबेरहून वाळूत उतरे, पलीकडच्या खोल प्रवाहापर्यंत चालत वा घोड्यावरून जाई आणि तेथून होडीने ल्हानवाइसला, पुढच्या काळात ब्यूमॅरिसला, उतरे. धुके दाटले की वाळूतल्या वाटसरूंना दिशा कळावी म्हणून अबेरच्या चर्चची घंटा वाजवीत. मेनाईवरचा झुलता पूल १८२६ मध्ये झाला आणि ही वाट ओस पडली.

वाट रोमनांच्याही उपयोगाची होती. कानोव्हियम (आजचे काइरहीन) ते सेगोन्शियम (कार्नारव्हन) हा लष्करी रस्ता डोंगरातील खिंडीतून याच बाजूस किनाऱ्यावर उतरे. कानोव्हियमपासून आठ रोमन मैल दाखविणारा, सम्राट हेड्रियनच्या काळातील मैलाचा दगड १८८३ मध्ये परिसरात सापडला; तो आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. रोमनांनंतरच्या सहाएक शतकांत अबेरविषयी सांगण्यासारखे फारसे काही मिळत नाही.

राजनिवास : वेल्श राजे एका राजधानीत बसून राज्य करीत नसत. प्रत्येक कुमुदात (महालाएवढा प्रशासकीय विभाग) राजाचा एक ‘ल्हीस’ असे आणि दरबार एका ल्हीसहून दुसऱ्याकडे फिरत राही. अबेर हा अर्ल्हेख्वेद इखाव या कुमुदाचा ल्हीस. ल्हीस या शब्दाला राजवाड्यापेक्षा आपल्याकडचा नुसता ‘वाडा’ हा शब्द अधिक जवळचा आहे. डोळ्यांपुढे बुरूज आणि तटबंदी आणणे चुकीचे ठरेल. वेल्श कायद्याच्या पोथ्यांनुसार राजासाठी नऊ इमारती बांधून देणे बांधील कुळांवर बंधनकारक होते. दिवाणखाना, शयनगृह, मुदपाकखाना, तबेला, कोठार, धान्य वाळविण्याची भट्टी इत्यादी त्यांत येत. पोथीगणिक ही यादी थोडी बदलते. ल्हीसला लागून माइरद्रेव ही खालसा शेतीची वस्ती असे. तिच्या कारभाऱ्याला ‘माइर बिस्वाइल’ म्हणत. शब्दशः अर्थ शेणाचा माइर, म्हणजे शेणामुताचा कारभारी. दरबारी मानकऱ्यांनी या शेतकी अधिकाऱ्याला कोणत्या नजरेने पाहिले असेल, ते नावावरून कळतेच.

ग्विनेदच्या घराण्याचे मानाचे मूळपीठ अँगलसीवरील अबेरफ्राउ. थोरला ल्हेवेलिन (ल्हेवेलिन अप योरवर्थ, सु. ११७३–१२४०) याने १२३० पासून ‘अबेरफ्राउचा राजपुत्र व स्नोडनचा स्वामी’ हाच किताब धारण केला. किताब अबेरफ्राउचा असला, तरी या पिढीतील घरगुती घटनांचे धागे वारंवार अबेरशी येऊन मिळतात. वाळूवाटेचे तोंड राखणारी आणि अँगलसीच्या धान्यापासून एका ओहोटीच्या अंतरावर असलेली जागा, एवढे कारण त्यास पुरेसे वाटते.

जोन आणि विल्यम द ब्रोझ : ल्हेवेलिनने सु. १२०५ मध्ये इंग्लंडचा राजा जॉन याची अनौरस कन्या जोन (वेल्श नाव शुआन) हिच्याशी विवाह केला. सासरा आणि जावई यांच्यातील वाटाघाटींत तिने अनेकदा मध्यस्थी केली. १२२६ मध्ये पोप तिसरा होनोरियस याने तिला औरस ठरविले. १२३० च्या ईस्टरच्या सुमारास सरहद्दीवरील नॉर्मन सरदार विल्यम द ब्रोझ हा ल्हेवेलिनच्या शयनगृहात जोनसमवेत सापडला आणि त्याला फाशी देण्यात आले. जोन सुमारे वर्षभर नजरकैदेत होती. पुढे तिला पूर्वीचे स्थान परत मिळाले. ल्हेवेलिनने फाशीनंतर विल्यमच्या विधवेला पत्र लिहून, आपला मुलगा दाविद आणि तिची मुलगी इझाबेला यांचा ठरलेला विवाह पार पाडावा अशी तिची इच्छा आहे का, अशी विचारणा केली. विवाह झालाही.

फाशीचे स्थळ कोणते, याविषयी मतभेद आहेत. ब्रुत अ ताविसोगियोन हे वेल्श इतिवृत्त प्रसंग सांगते, स्थळ सांगत नाही. अबेरची लोकपरंपरा गावाजवळील ‘फाशीची दलदल’ अशा अर्थाच्या जागेकडे बोट दाखविते. उलट, व्हॉडी मठाच्या मठाधिपतीच्या समकालीन पत्रात २ मे रोजी, आठशेहून अधिक लोकांसमक्ष, भर दिवसा, ‘क्रोकाइन’ नावाच्या वाड्यावर फाशी दिल्याचे नमूद आहे. क्रोकाइन म्हणजे बाला या वेल्श गावाजवळचे क्रोगेन, असे बरेच अभ्यासक मानतात. ‘क्रोग’ म्हणजे वेल्शमध्ये फास वा वधस्तंभ. त्यामुळे मूळ नाव आणि घटना यांची सांगड कोणी कधी घातली, हे दोन्ही जागांबाबत तपासावे लागते. समकालीन पत्राची साक्ष परंपरेहून वजनदार असल्याने क्रोगेनचा पक्ष सरस दिसतो. प्रकरणाची सुरुवात अबेरला झाली असणे मात्र त्याने बाधित होत नाही.

जोन फेब्रुवारी १२३७ मध्ये वारली. येथे इतिवृत्त स्थळ स्पष्ट देते : अबेरचा ल्हीस. तिचे दफन वाळूपलीकडे ल्हानवाइसला, नव्याने पवित्र केलेल्या भूमीत झाले आणि तिच्या स्मरणार्थ ल्हेवेलिनने तेथे फ्रान्सिस्कन भिक्षूंचा मठ स्थापला. मठ विसर्जित झाल्यावर तिची म्हणून समजली जाणारी दगडी शवपेटी घोड्यांना पाणी पाजण्याच्या हौदासारखी वापरात होती. ती आता ब्यूमॅरिसच्या चर्चमध्ये ठेवली आहे. तिच्या झाकणावरील स्त्रीशिल्प जोनचेच, याबद्दल अलीकडे शंका घेतली जाते. शैलीवरून ते नंतरचे, कदाचित एलिनॉरचे (पाहा पुढे) असावे, असे एक मत आहे.

जोनचा मुलगा दाविद १२४६ मध्ये, फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, अबेरलाच निपुत्रिक वारला. त्याचे दफन अबेरकॉन्वीच्या मठात झाले.

अखेरचा ल्हेवेलिन : दाविदचा पुतण्या ल्हेवेलिन अप ग्रिफिद याला इंग्लंडने १२६७ च्या माँटगमरी तहाने ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ म्हणून मान्यता दिली. १२७८ मध्ये त्याने सिमॉन द माँफर्टची कन्या एलिनॉर हिच्याशी वुस्टर येथे विवाह केला. जून १२८२ मध्ये ती बाळंतपणात वारली, बहुधा अबेर येथे, आणि जोनप्रमाणेच वाळू ओलांडून ल्हानवाइसला दफनासाठी नेली गेली. मुलगी ग्वेन्ल्हियन जगली. पित्याच्या पराभवानंतर इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने त्या तान्ह्या मुलीला लिंकनशरमधील सेंप्रिंगमच्या मठात धाडले. तेथेच ती १३३७ मध्ये, वयाच्या सु. ५५ व्या वर्षी वारली.

नोव्हेंबर १२८२ मध्ये, एडवर्डच्या फौजा अँगलसीवर असताना, कँटरबरीचा आर्चबिशप जॉन पेकम तहासाठी ल्हेवेलिनकडे आला. स्नोडोनियाचा मुलूख सोडल्यास इंग्लंडमध्ये वर्षाला हजार पौंड उत्पन्नाची जहागीर मिळेल, असा देकार होता. त्याच दिवसांत, ६ नोव्हेंबरला, अँगलसीवरील इंग्रज सेनापती ल्यूक द तानी याने होड्यांच्या पुलावरून मेनाई ओलांडून चढाई केली. माघार घेताना त्याच्यासह पुष्कळ स्वार बुडाले. ल्हेवेलिनने आणि त्याच्या मंडळाने ११ नोव्हेंबरच्या सुमारास देकार फेटाळला. ज्याची भाषा, चालीरीती आणि कायदे आपल्याला पूर्णपणे परके आहेत, अशा माणसाचे अंकित होणे स्नोडोनियाच्या लोकांना मान्य नाही, असा त्या उत्तराचा आशय होता. या पत्रव्यवहाराचे स्थळ ‘गार्थ केलिन’ असे दिले आहे. महिन्याभरात, ११ डिसेंबरला, ल्हेवेलिन किलमेरीजवळ मारला गेला.

ल्हीसची जागा : इतिवृत्ते ‘अबेर’ म्हणतात, १२८२ ची पत्रे ‘गार्थ केलिन’. दोन्ही एकच, हे सर्वमान्य आहे. जागा मात्र दोन सांगितल्या जातात.

पहिली जागा गावातील मूद. ओढ्याजवळचा हा गोल, सपाट माथ्याचा मातीचा उंचवटा नॉर्मन पद्धतीचा असून अकराव्या शतकाच्या अखेरीस चेस्टरच्या अर्लच्या चढाईत तो उभारला गेला असावा. या चढाईतील किल्ल्यांची नावे देणाऱ्या ग्रिफिद अप कानान या राजाच्या मध्ययुगीन चरित्रात अबेरचा निर्देश नाही, म्हणून हा काल रचनेवरूनच ठरविला जातो. १५३० च्या दशकात देशाटन करणाऱ्या जॉन लेलंड या इंग्रज पुराणवस्तू-अभ्यासकाने ‘मूद’ याच नावाखाली नोंदविले आहे, की अबेर गावी चर्चलगतच्या टेकडीवर थोरल्या ल्हेवेलिनचा किल्ला वा वाडा होता आणि त्याचा काही भाग अजून उभा आहे. (हे चर्च म्हणजे संत बोदवानचे जुने चर्च, आजची इमारत १८७८ ची.)

दुसरी जागा पेन अ ब्रिन, म्हणजे दरीच्या पूर्वेकडील उंचवट्यावरचे गोल मनोरा असलेले दगडी घर. तेराव्या शतकातील वाड्याचे अवशेष याच घराच्या भिंतींत आहेत, असे प्रतिपादन १९९० च्या दशकापासून आग्रहाने होऊ लागले. त्याचा एक आधार नावाचा : ‘केलिन’ म्हणजे हॉली हे काटेरी पानांचे झाड, ‘गार्थ’ म्हणजे डोंगराची सोंड, आणि सोंडेवर आहे ते पेन अ ब्रिन. दुसरा आधार मोक्याचा : तेथून त्राइथ लावानची सारी वाळू आणि समोरचा अँगलसीचा किनारा नजरेच्या टप्प्यात येतो. तिसरा आक्षेपाचा : मूदच्या तोकड्या माथ्यावर राजदरबार मावेल कसा?

यांपैकी पहिला आधार दिसतो तेवढा पक्का नाही. वेल्शमध्ये ‘गार्थ’ हे दोन शब्द आहेत. एकाचा अर्थ सोंड वा कडा, तर दुसऱ्याचा कुंपण घातलेली जागा, वाडगे. ‘हॉलीचे कुंपण’ हा अर्थ घेतला तर नाव खालच्या सपाटीलाही तितकेच शोभते. शिवाय गार्थ केलिन हे एका इमारतीचे नाव नसून आसपासच्या सबंध भूमीचे असण्याचीही शक्यता आहे. तिसऱ्या आक्षेपाला उत्खननाने उत्तर मिळाले. १९९३ मध्ये ग्विनेद पुरातत्त्व न्यासाने मूदच्या माथ्यावर न खणता पायथ्याजवळ खणले. तेथे मधला दिवाणखाना आणि दोन्ही टोकांस आडव्या खोल्या असा आराखडा असलेल्या दगडी इमारतीचा पाया लागला, सोबत मध्ययुगीन वस्तूही मिळाल्या. पुढे २०१० च्या सुमारास काम पुन्हा झाले. इमारत तेराव्या-चौदाव्या शतकांतील असावी. ती राजांची की विजयानंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी डागडुजी करून वापरलेली, की दोन्ही, हे केवळ पायावरून सांगता येत नाही. पेन अ ब्रिनच्या उभ्या वास्तूचा दिसणारा मुख्य भाग, वास्तुशास्त्रीय पाहणीनुसार, सोळाव्या-सतराव्या शतकांतील जमीनदारी घराचा आहे. त्याखाली जुने काही नाहीच, असे यावरून सिद्ध होत नाही. पण सिद्धतेचा भार ते आहे म्हणणाऱ्यांवर पडतो. लेलंडची साक्ष, चर्चची जवळीक आणि उत्खनन ही तिन्ही एकाच दिशेला बोट दाखवितात. तूर्त मूदच्या परिसराला झुकते माप देणे योग्य.

तुलनेसाठी अँगलसीवरील रोसिरचा ल्हीस उपयोगी पडतो. तेथे १९९० च्या दशकातील उत्खननात दिवाणखाना आणि आवाराची भिंत वाळूखालून निघाली. जागेबद्दल वाद राहिला नाही. त्याच्या आधारे दोन इमारती कार्डिफजवळील सेंट फेगन्सच्या खुल्या संग्रहालयात पुन्हा उभारल्या आहेत. अबेरफ्राउच्या वाड्याचे लाकूड चौदाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कार्नारव्हन किल्ल्याच्या कामासाठी उतरविले गेले. अबेरचा दिवाणखाना विजयानंतरही काही दशके दुरुस्त होत राहिला, हे शाही हिशेबांवरून दिसते. पुढचे धागे विरळ होतात.

नंतरचा काळ : चेस्टर–होलीहेड लोहमार्गावरील अबेर स्थानक १८४८ मध्ये उघडले आणि १९६० मध्ये बंद झाले. आता ए-५५ हा महामार्ग गाव आणि वाळू यांच्यामधून जातो. बहुतेक प्रवासी धबधब्यासाठी येतात. मूद हे संरक्षित स्मारक आहे. गावामागच्या कार्नेदाइ रांगेतील कार्नेद इखाव या शिखराला २००९ मध्ये कार्नेद ग्वेन्ल्हियन असे नाव देण्यात आले.