जत्रुकाच्या दुर्मीळ विकारांचे निदान : एका नावाच्या वादाची पार्श्वभूमी

जत्रुकाच्या, म्हणजे कॉलरबोनच्या, छातीकडील टोकाला मार न लागता सूज आली, तर निदान करणे फार काळ अवघड होते, कारण साध्या क्ष-किरण चित्रात हे टोक बरगड्या आणि मणक्यांच्या छायेत झाकले जाते. या टोकाचा रक्तपुरवठा खंडित होऊन होणारा विकार १९२४ मध्ये नोंदला गेला, पण खरी भर पडली ती १९७०नंतर.

१९७२ मध्ये मुलांच्या अनेक हाडांत होणारा, जंतू न सापडणारा दाह वर्णिला गेला. १९७४ मध्ये प्रामुख्याने स्त्रियांमध्ये दिसणारा, टोकाचे हाड घट्ट करणारा पण सांध्याची फट सहसा शाबूत ठेवणारा विकार पुढे आला. त्याच सुमारास जपानी डॉक्टरांनी तळहात-तळपायांवरील पुवाच्या फोडांसोबत जत्रुक, उरोस्थी (छातीचे मधले हाड) आणि वरच्या बरगड्यांची होणारी अतिवाढ मांडली.

या सगळ्यांना एका छत्राखाली आणण्याचा निर्णय १९८७ मध्ये फ्रान्समधील संधिवाततज्ज्ञांनी घेतला आणि त्यावर आजही एकमत नाही. सांध्याच्या अस्तराचा दाह, मुरुम, पुवाचे फोड, हाडाची अतिवाढ आणि हाडाचा दाह या पाच गोष्टींच्या इंग्रजी आद्याक्षरांतून ‘सॅफो’ (SAPHO) हे नाव बनले. मात्र त्वचेची लक्षणे हाडाच्या दुखण्याच्या कित्येक वर्षे आधी किंवा नंतर येऊ शकतात, कधी येतही नाहीत, आणि तरीही हेच नाव लावले जाते. मग ते एका रोगाचे नाव आहे की केवळ गटाचे, हा आक्षेप रास्त आहे. तरीही या नावाने रुग्णांचे भलेच अधिक केले, असे म्हणावे लागते: सुरुवातीच्या दाहात पेशींचे चित्र जंतुसंसर्गासारखेच दिसत असल्याने होणाऱ्या वारंवारच्या बायॉप्सी आणि प्रतिजैविकांचे लांबलेले उपचार टाळण्याची वाट त्यातून मिळाली. धोका एवढाच, की क्षयरोग किंवा कर्करोगाची गाठही याच टोकाला सुरू होऊ शकते आणि नाव आधी ठरले तर तो शोध थांबतो.

हाडांच्या स्कॅनमध्ये दोन्ही बाजूंचे जत्रुक-उरोस्थी सांधे आणि उरोस्थीचा वरचा भाग उजळून उमटणारी बैलाच्या मुंडक्यासारखी आकृती पुढे या गटाची खूण मानली गेली. सीटी स्कॅनने हाडाची झीज आणि अतिवाढ नेमकी दाखवली, तर एमआरआयने मज्जेतील सूज दाखवून चालू दाह आणि जुना घट्टपणा यांत फरक करणे शक्य केले. मुलांमध्ये पूर्ण शरीराच्या एमआरआयमुळे न दुखणारी ठिकाणेही सापडू लागली, आणि मुलांच्या या विकाराचे ‘जंतुविरहित अस्थिदाह’ हे नाव आता प्रौढांसाठीही वापरले जात आहे.