फॉन्टात अडकलेली दुकानं: सीमाभागात विंडोज सुटेना, त्याची पार्श्वभूमी

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार, म्हणजे सुरक्षेचे नेहमीचे अपडेट, काढून घेतला. तेव्हापासून बेळगाव, खानापूर, निपाणीतल्या डीटीपीवाल्यांशी, म्हणजे संगणकावर पत्रिका-अर्ज जुळवून देणाऱ्यांशी, बोलायला बसलं की हाच विषय निघतो. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. म्हणजे २०१६ साली घेतलेला, आजही लग्नसराईत दिवसभर राबणारा संगणक नियमाने बाद. चालत्या मशीनला असं बाद ठरवणं मला मुळीच पटत नाही.

विंडोज काढून त्याजागी लिनक्स ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम टाका, असं पोरं सांगतात. लिनस टोरवाल्ड्सने तो १९९१ मध्ये सुरू केला, त्याचंच उबुंटू हे रूप २००४ पासून फुकट मिळतं, जुन्या मशीनवरही बरं चालतं. मग इतकी वर्षं आमच्या गल्ल्यांत तो का शिरला नाही? पैशाचं कारण म्हणावं, तर फुकट वस्तू आधी आली असती. खरी गाठ फॉन्टाची आहे.

नव्वदच्या दशकात संगणकावर मराठी लिहिण्यासाठी श्रीलिपी आणि सीडॅक या सरकारी संस्थेचं आयएसएम ही सॉफ्टवेअरं आली, कन्नडसाठी बरह आणि नंतर नुडी. त्या जुन्या फॉन्टांत पडद्यावर मराठी दिसायचं, पण आत साठवलेले असायचे इंग्रजी अक्षरांचे क्रमांक. तोच फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाईल उघडली की नुसता चिवडा. शिवाय प्रत्येक कंपनीचे क्रमांक वेगळे. या सगळ्यावर पानं जुळवायला पेजमेकर आणि चित्र-नक्षीला कोरलड्रॉ. आमच्याकडे ओझं दुप्पट, कारण सकाळी मराठी पत्रिका आणि दुपारी ग्रामपंचायतीचा कन्नड अर्ज एकाच खुर्चीत बसून करायचा. दोन लिप्या, दोन सॉफ्टवेअर, दोन कीबोर्ड, आणि सगळं विंडोजवर.

या गोंधळावर उपाय म्हणून आलेल्या युनिकोडने प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक दिला. २००१ च्या विंडोज एक्सपीत देवनागरी युनिकोड होतं, पण मूळ सीडी घालून, सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करावं लागे. एवढी खटपट दुकानात कोण करणार? पुढे ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा आधार गेला, १४ जानेवारी २०२० ला विंडोज ७ चा. दोन्ही वेळा पुढची विंडोज टाकली आणि जुन्या फाईली तशाच पुढे ओढल्या.

या वेळी माझ्या मामांच्या डीटीपीच्या दुकानातली एक जुनी पत्रिका मी युनिकोडमध्ये बदलून पाहिली. ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’ ही ओळ ‘उपसि्थती’ होऊन बाहेर आली. जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दाबत, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर येते. फॉन्ट बदलून देणाऱ्या कन्व्हर्टरने ती उचलून अर्ध्या स-ला चिकटवली, थ-पर्यंत नेलीच नाही. मामा म्हणाले, “अशा हजार फाईली हाईत, सगळ्या कोण तपासणार?” त्यांचं बरोबर आहे. म्हणून जुन्या फाईलींसाठी एक मशीन इंटरनेट काढून तसंच ठेवायचं आणि नवं काम युनिकोडमध्ये सुरू करायचं, एवढंच मी त्यांना सुचवलं. लिनक्सवर चालणाऱ्या, कोरलसारख्याच इंकस्केपमध्ये देवनागरी आणि कन्नड दोन्ही नीट जुळतात. कोरलची सवय मात्र सहजी सुटत नाही, हेही खरं.

नवा कीबोर्ड शिकावा लागेल, हे भय त्या मानाने फुकाचं. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांसाठीच्या कीबोर्ड-मांडणीत मराठी क आणि कन्नड क एकाच कळीवर असतो, म्हणजे एका लिपीला बसलेला हात दुसऱ्या लिपीतही चालतो. नुडीची सवय असलेल्यांसाठी लिनक्सच्या कीबोर्डांच्या यादीत ‘कगप’ आहे: कन्नड गणक परिषद, नुडी बनवणारी तीच संस्था. त्या यादीत खाली गेलं तर मराठीपुढेही ‘कगप’ लिहिलेलं सापडतं. मामांना ते दाखवलं, तेव्हा त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचलं.