इंजिन बसवलेली सायकल (घरगुती बांधणी)

नेहमीच्या सायकलीला लहान पेट्रोल इंजिन किंवा विजेची मोटर जोडून, पायडल कायम ठेवून केलेले वाहन. कारखान्यात मुळापासून घडणाऱ्या मोपेडहून ते वेगळे आहे. येथे सायकल आधीचीच असते, इंजिन बहुधा भलत्याच कामासाठी बनलेले असते आणि या दोहोंना बांधणारा भाग तेवढा कारागीर आपल्या हाताने करतो. या वाहनाचे बरेवाईट त्या जोडावर ठरते, म्हणून प्रस्तुत नोंदीत इंजिनाच्या रचनेपेक्षा जोडाचा विचार अधिक केला आहे.

उगम : पहिला मान कोणाचा, याविषयी एकमत नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सचे सिल्व्हेस्टर रोपर आणि पॅरिसचे लुई-गियोम पेरो या दोघांनी व्हेलोसिपीडला (सायकलीच्या आद्य रूपाला) वाफेचे इंजिन बसवले. दोन्ही यंत्रे १८६७ ते १८७१ या काळातली धरली जातात. स्मिथसोनियन संग्रहालयातील रोपर यांच्या यंत्राचा काळ सर्वसाधारणपणे १८६९ च्या सुमाराचा मानतात, काही लेखक तो १८६७ पर्यंत मागे नेतात. पेरो यांनी मिशो बनावटीची तयार गाडी वापरली, त्यामुळे ‘असलेल्या सायकलीला इंजिन’ या कसोटीवर फ्रेंच बाजू थोडी जड भरते. रोपर यांनी पुढे हे काम सोडले नाही. १ जून १८९६ रोजी, वयाच्या ७२ व्या वर्षी, केंब्रिजजवळच्या धावपट्टीवर आपली नवी वाफेची सायकल पळवून दाखवत असताना त्यांचा मृत्यू झाला. ही दुसरी गाडी मात्र साखळीच्या, आधुनिक घडणीच्या सायकलीवर उभी होती. वादात ती बहुधा दुर्लक्षित राहते, ती राहू नये.

जर्मन परंपरा १८८५ हे वर्ष धरते. गोटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी कान्स्टाट येथे डाइमलर यांच्या बंगल्याच्या बागेतील काचघराचे कर्मशाळेत रूपांतर केले होते. तिथे रात्रंदिवस चालणाऱ्या ठोकाठोकीमुळे खोटी नाणी पाडली जात असल्याचा संशय येऊन पोलिसांनी झडती घेतली, अशी कथा सांगतात. या काचघरातून २६४ घन सेंमी. क्षमतेचे, सुमारे अर्धा अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन असलेली लाकडी ‘राइटव्हागेन’ निघाली. घराच्या आवारात घडलेले पहिले पेट्रोल दुचाकी वाहन म्हणून तिचे स्थान पक्के आहे. परंतु तिला पायडल नव्हते, तोल सांभाळायला बाजूला दोन छोटी चाके होती आणि सांगाडा इंजिनाच्या चाचणीसाठीच केलेला होता. तिला मोटारसायकलीची आई म्हणता येईल, इंजिन बसवलेली सायकल म्हणणे ओढूनताणून होते.

समान चाकांची, मागच्या चाकाला साखळीने गती देणारी सायकल १८८५ नंतर रूढ झाली आणि हवेचा टायर १८८८ मध्ये आला. त्याआधी इंजिन बसवण्याजोगी सायकलच नव्हती, असे म्हणायला हरकत नाही. म्हणून या प्रकाराची सरळ वंशावळ पॅरिसच्या मिशेल व यूजीन वेर्नेर या भावांपासून मोजणे अधिक सयुक्तिक वाटते. त्यांनी १८९७ च्या सुमारास पुढच्या चाकावर, हँडलसमोर इंजिन बसवून पट्ट्याने पुढचे चाक फिरवले. वजन उंचावर आल्याने ओल्या रस्त्यावर गाडी आडवी होई, आणि प्रज्वलनाच्या तापत्या नळीमुळे पडलेली गाडी पेटण्याची भीती असे. १९०१ मध्ये त्यांनी इंजिन खाली, पायडलच्या धुरीपाशी आणले. घरच्या कर्मशाळेत आजही पहिला प्रश्न हाच असतो, की इंजिन कुठे बसवायचे?

युद्धोत्तर काळ : दुसऱ्या महायुद्धानंतर जपान व यूरोपात पेट्रोल आणि वाहने दोन्ही दुर्मिळ होती, आणि या प्रकाराला खरा बहर तेव्हा आला. सोइचिरो होंडा यांनी १९४६ मध्ये हामामात्सू येथे लष्कराच्या वायरलेस जनित्रांसाठी बनलेली, शिल्लक राहिलेली सुमारे ५०० लहान इंजिने मिळवून सायकलींना बसवायला सुरुवात केली. पहिल्या गाडीला टाकी म्हणून अंथरूण गरम करण्याची पाण्याची बाटली वापरली होती. पत्नी साची यांनी ती भर रस्त्यात चालवून पाहिली आणि परतल्यावर कपड्यांवर उडालेले तेलाचे डाग दाखवले, तेव्हा कार्ब्युरेटरकडील गळतीवर उपाय झाला. सुरुवातीला इंजिन पुढे ठेवून रबरी रोळाने टायर फिरवून पाहिला होता. त्या काळच्या टायरांना ते झेपेना, म्हणून इंजिन सांगाड्यात आणून पट्ट्याने मागचे चाक फिरवण्यात आले. शिल्लक इंजिने संपल्यावर १९४७ मध्ये त्यांनी स्वतःचे ५० सीसी इंजिन काढले. त्याच्या आवाजावरून लोक त्या गाडीला ‘बाटा-बाटा’ म्हणत. मराठीतील ‘फटफटी’ची घडण हीच, दोन भाषांच्या कानांनी एकच यंत्र टिपले आहे.

याच हामामात्सूतील विणकामाच्या मागांचे कारखानदार सुझुकी यांनी १९५२ मध्ये ३६ सीसीची ‘पॉवर फ्री’ काढली. तिच्या दुहेरी दंतचक्रामुळे नुसते पायडल, नुसते इंजिन किंवा दोन्ही मिळून, असे तिन्ही प्रकारे चालवता येई. इटलीत तुरीनचे आल्दो फारिनेल्ली यांनी आखलेले ४८ सीसीचे चार-स्ट्रोक ‘कुचोलो’ (कुत्र्याचे पिल्लू) १९४६ पासून बोलोन्याच्या दुकाती कंपनीने बनवले. फ्रान्समध्ये पुढच्या चाकावर रोळ टेकणारी व्हेलोसोलेक्स लाखोंनी खपली.

जोडाचे प्रकार : रोळ, पट्टा, साखळी आणि चाकातच बसणारी मोटर असे चार मुख्य प्रकार आहेत.

रोळ सर्वांत सोपा. फवारणी पंपाचे किंवा गवत कापणीचे २५ सीसीचे इंजिन कॅरिअरवर बसवून त्याच्या दांड्यावरील रोळ टायरवर दाबायचा, की झाले. गणितही सोपे आहे. ३२ मिमी. व्यासाच्या रोळाचा परीघ साधारण १०० मिमी. येतो, म्हणजे मिनिटाला ५,००० फेऱ्यांना गाडी तासाला ३० किमी. धावते. चाकाचा व्यास या हिशेबात येतच नाही, ही गोष्ट नवख्याला पटायला वेळ लागतो. दोष दोन : पावसात रोळ घसरतो, आणि टायरची नक्षी मधोमध पट्टा पडल्यासारखी झिजते. दाब वाढवला की घसरणे कमी होते आणि झीज वाढते, यातून सुटका नाही.

साखळीच्या प्रकारात सध्या चिनी दोन-स्ट्रोक संच सर्वाधिक आढळतो. तो ‘८० सीसी’ या नावाने विकला जातो, पण नळकांड्याचा व्यास ४७ मिमी. आणि दट्ट्याची धाव ३८ मिमी. धरली तर क्षमता ६६ घन सेंमी.च भरते. आकडा मोजूनच घ्यावा. इंजिन सांगाड्याच्या खालच्या त्रिकोणात बसते, वेगळी साखळी डाव्या बाजूने मागे जाते. मागचे ४४ दात्यांचे चक्र हबवर न बसता थेट आऱ्यांवर बसते. आऱ्यांच्या आतून व बाहेरून रबरी चकत्या, आणि आरपार नऊ बोल्ट. नऊ हा आकडा ३६ आऱ्यांच्या चाकासाठी आहे, दर चार आऱ्यांमागे एक बोल्ट पडतो. आपल्याकडील जुन्या धाटणीच्या काळ्या रोडस्टर सायकलीच्या मागच्या चाकाला ४० आरे असतात. तिथे ही वाटणी जुळत नाही, एखाद-दुसरा बोल्ट नेमका आऱ्यावर येतो, आणि तो दामटून बसवला की तो आरा आज ना उद्या मानेशी तुटतो. लेथवर हबच्या मापाची दुभंगी कडी करून चक्र तिच्यावर बसवणे हा त्यावरचा खरा उपाय, आणि टर्नरची मजुरी इथे वाचवू नये.

चक्र मध्यावर आणण्याची रीत सायकल दुकानातील आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढण्यासारखीच आहे. गाडी उलटी ठेवायची, मागच्या दांड्याला पेन्सिल टेकवून धरायची आणि चाक सावकाश फिरवायचे. दात्यांची टोके जिथे पेन्सिलीला घासतात ती बाजू पेन्सिलीपासून दूर जाईल असे बोल्ट पाव-पाव आट्याने सैल-घट्ट करायचे. बोल्ट ओळीने नव्हे, समोरासमोरचे आळीपाळीने आवळावे लागतात. चाकाचा आऊट आधीच काढलेला नसेल तर हे सगळे व्यर्थ, कारण चक्र सरळ आणि चाक वाकडे असे होऊन साखळी दर फेरीला एकदा ताणते व एकदा लोंबते. पहिल्या १५-२० किमी. नंतर रबर बसते, तेव्हा नऊही बोल्ट पुन्हा पाहावेत.

ब्रेक : वेग दुप्पट झाला की गाडीतली गतिज ऊर्जा चौपट होते. पायाने १५ च्या वेगाने चालणाऱ्या सायकलीचे सळईचे ब्रेक ३० च्या वेगाला पुरत नाहीत. इंजिनाच्या आधी ब्रेक बदलावेत.

विजेची मोटर : हबमध्येच बसणाऱ्या मोटरने साखळी, क्लच व तेल-पेट्रोलाचे मिश्रण हे सारे मिटले, पण जोडाचा प्रश्न धुरीच्या टोकाला सरकला. मोटर चाकाला पुढे लोटते तेव्हा तितक्याच जोराने धुरीला उलट पिळते. धुरीच्या टोकाला दोन बाजूंनी सपाट केलेला भाग चाक धरणाऱ्या चिमट्याच्या खाचेत अडकलेला असतो, आणि ४० न्यूटन-मीटरच्या पिळाला त्या सपाटीच्या कडांवर काही हजार न्यूटन बल येते. ॲल्युमिनियमचा चिमटा ते सोसत नाही, खाच रुंदावते, धुरी फिरते, वायरी पिळवटून तुटतात आणि चाक निखळते. म्हणून धुरीवर पोलादी पिळरोधक पट्टी अडकवून तिचे दुसरे टोक सांगाड्याला बांधतात. पुढच्या चाकाला मोटर असेल तर ही पट्टी टाळणे जिवावर बेतते.

क्यूबा : सोव्हिएत संघाच्या विघटनानंतर १९९० च्या दशकात तेथे इंधन व वाहतूक दोन्ही आटली. तेव्हा पाण्याचे पंप, धूरफवारणी यंत्रे व करवतींची इंजिने सायकलींना जोडून लोकांनी ‘रिकिंबिली’ उभ्या केल्या. टाकी म्हणून प्लॅस्टिकची बाटली. अभिकल्पकार एर्नेस्तो ओरोसा यांनी अशा वस्तूंचा संग्रह व अभ्यास केला आहे.

भारतातील कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील ‘मोटार वाहना’च्या व्याख्येतून चारपेक्षा कमी चाकांचे व २५ घन सेंमी.पर्यंतच्या इंजिनाचे वाहन वगळलेले आहे. विजेच्या बाबतीत मोटरची शक्ती पाव किलोवॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किमी.पेक्षा कमी आणि बॅटरी सोडून वजन ६० किग्रॅ.पर्यंत, अशा अटी केंद्रीय नियमांत आहेत. ६६ सीसीचा संच या मर्यादेबाहेर पडतो. त्याला नोंदणी लागते, आणि नोंदणीपूर्वीचे प्रकार-मान्यतेचे प्रमाणपत्र पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्था वाहनाचा नमुना तपासून देतात. ती वाट उत्पादकांसाठी आखलेली आहे. १९७२ मध्ये कायनेटिक इंजिनिअरिंगने आणलेली ५० सीसीची लूना ही तशी कारखान्यात घडलेली मोपेड होती. तिचा नमुना इटलीच्या प्याज्जो कंपनीच्या ‘चाओ’ मोपेडचा होता, आणि पेट्रोल संपले तर पायडल मारत घर गाठण्याची सोय तिच्यात राखलेली होती.